नत्थूच्या नावाचं पहिलं ताट

नत्थू गेल्यापासून दरवर्षी त्याच्या पुण्यानुमोदनाला पंगत बसली की कौसल्याबाई पहिलं ताट बळीरामला वाढायची. घरात मोठे-वडीलधारे असायचे, विहाराचे गणपतराव असायचे, कधी बाहेरगावचे पाहुणे असायचे. भंतेजींचं भोजनदान झालं की माणसांतलं पहिलं ताट मात्र बळीरामचंच. तिचं म्हणणं एकच: माझ्या माणसाला शेवटचं पाहिलं ते यांनी, आणि जंगलातून खांद्यावर घालून घरी आणलं तेही यांनीच. बळीराम मान खाली घालून जेवायचा. लोकांना वाटायचं, मित्राच्या आठवणीनं घास उतरत नाही.

यंदा विसावं वर्ष होतं. १९८८ चा चैत्र. कौसल्याबाईची मुलगी नातवंडांना घेऊन भंडाऱ्याहून येणार होती. कौसल्याबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं की या वेळी भाऊजींनी उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगायचं. पोरांना आपला आजा कसा गेला ते ठाऊक नाही. बळीराम हो म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार? ती गोष्ट त्यानं नागपुरात इंदोऱ्याच्या, दोघांची घरं असलेल्या त्या गल्लीत इतक्यांदा सांगितली होती की नवा भाडेकरू आला तरी महिनाभरात त्याला ती पाठ व्हायची.

गोष्ट अशी. बळीराम आणि नत्थू देवलापारकडच्या एकाच गावचे. छप्पन साली दीक्षा घ्यायला दोघं एकाच बैलबंडीतून नागपूरला आले होते आणि परत जाताना पोटात अन्न नसताना गाणी म्हणत गेले होते. पुढे उन्हाळ्यात काम नसलं की दोघं हाकाऱ्याला जात. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. साहेब लोक मचाणावर बंदूक घेऊन बसायचे. गावची चाळीस-पन्नास माणसं डबे, ढोल वाजवत रानातून ओळीनं यायची आणि वाघाला मचाणाकडे रेटायची. वाघ बाजूनं निसटू नये म्हणून दोन्ही कडांना झाडांवर एकेक माणूस बसवलेला असायचा. त्याचं काम सगळ्यात सोपं. वाघ आपल्या झाडाकडे आला की कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोडावर हळूच दोनदा ठोकायचं. वाघाला अशी बारकी, अनोळखी टकटक आवडत नाही. तो बिचकतो, वळतो आणि परत मचाणाची वाट धरतो.

अडुसष्ट साली बळीराम असाच मोहाच्या झाडावर बसला होता आणि नत्थू हाकाऱ्यांच्या ओळीत अगदी कडेला, त्या झाडापासून वीसेक हातांवर होता. वाघ मचाणाकडे न जाता त्या दोघांच्या मधे आला. बळीरामनं ठोकलं. एकदा ठोकलं, दोनदा ठोकलं. पण तो वाघ आधीच कुणाच्या तरी छर्‍यानं चिडलेला होता, तो वळला नाही. तो नत्थूवर गेला.

या गोष्टीत एकच शब्द खोटा होता. बळीरामनं ठोकलं नव्हतं.

एवढा एक शब्द घेऊन त्यानं वीस वर्षं काढली. नागपूरला आला, लकडगंजात लाकडाच्या वखारीत हमाली केली, मुलाला शिकवलं, म्हातारा झाला. दर पौर्णिमेला विहारात पंचशील घ्यायचा. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील आलं की त्याचा आवाज ओठांतच राहायचा. पण मनाची समजूत घालायला त्याच्याजवळ एक आधार होता: ठोकलं असतं तरी काय झालं असतं? चिडलेलं जनावर. कशाला वळतं? नसताच वळला. हा आधार त्यानं इतका वापरला की तो त्याला खरा वाटू लागला होता.

तो आधार मोडला एका खेळण्यानं.

आदल्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर जपानहून उपासक आले होते. त्यांतलं एक तरुण जोडपं चार दिवस बळीरामच्या घरी उतरलं. बळीरामचा मुलगा कृष्णकांत रेल्वेत होता, त्याला चार वाक्यं इंग्रजी यायचं, तेवढ्यावर भागलं. त्यांनी झुणका-भाकर खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि जाताना हात जोडून रडले. फेब्रुवारीत त्यांचं पार्सल आलं. आत टीव्हीला जोडायचा खेळ होता. एक पांढरा डबा, वायरीला लटकलेली दोन हातात धरायची यंत्रं, आणि एक कॅसेट. कागदावर सगळी जपानी अक्षरं. जपानची वीज आपल्यापेक्षा कमी दाबाची असते, तसाच लावला तर डबा जळेल, असं सीताबर्डीच्या रेडिओवाल्यानं सांगितलं. मग त्यानं मधे लावायला एक जड लोखंडी डबा करून दिला आणि आठ दिवस खटपट करून चित्र उमटवलं. रंग काही आला नाही. काळं-पांढरं चित्र, तेही अधूनमधून वर सरकायचं.

खेळ राक्षसांच्या शिकारीचा होता. रान, डोंगर, आणि त्यात एकेक अचाट जनावर. कुणाला घोरपडीचं अंग आणि रेड्याची शिंगं, कुणाला पंख. शिकारी दोघं. एकाच्या हातात त्याच्याहून लांब तलवार, दुसऱ्याच्या गळ्यात ढोल. कृष्णकांतची मुलगी सुहासिनी नववीत होती. जपानी वाचता येत नसलं तरी तिनं मरत-मरत सगळा खेळ समजून घेतला होता. मारलेल्या राक्षसाच्या कातड्याचं चिलखत मिळतं, नखांची तलवार मिळते, हे तिनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. एकट्यानं मात्र दोन डोंगरांच्या पुढे जाता येत नव्हतं.

पुण्यानुमोदनाला तीन दिवस होते. दुपारची वेळ. कौसल्याबाई लसूण सोलायला बळीरामच्याच घरी येऊन बसली होती, कारण त्यांच्याकडे कूलर होता. सुहासिनीच्या मैत्रिणी आपापल्या घरी परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या. तिनं दुसरं यंत्र आजोबांच्या हातात दिलं.

"आबाजी, तुम्हाले काहीच नाही करायचं. राक्षस माह्यावर आला का हे काळं बटन दाबायचं. ढोल वाजते."

बळीराम हसला. एवढं तर जमेल, म्हणाला.

पडद्यावर ते शिंगंवालं जनावर झाडीतून बाहेर आलं. सुहासिनीचा तलवारवाला पुढे गेला. बळीरामचा ढोलवाला मागे दगडावर उभा. जनावरानं मान फिरवली, पाय आपटले आणि ते तलवारवाल्याकडे निघालं. बळीरामचा अंगठा काळ्या बटनावर होता. तो तिथंच राहिला. जनावर आलं, तलवारवाला आडवा झाला, टुंग-टुंग असं रडकं संगीत वाजलं.

"ढोल काहून नाही वाजवला आबाजी? तुमच्या हातातच तं होता."

सुहासिनी हसत बोलली होती. पण कौसल्याबाईला ते आवडलं नाही. तिनं लसणाची पाकळी सुपात टाकली आणि नातीला द्यावा तसा दम दिला.

"अवं, त्याईले नको शिकवू वं. त्याईनं खऱ्या वाघापुढं ठोकलं हाये. तुह्या डब्यातल्या घोरपडीले भेतीन का ते?"

बळीरामच्या कानांच्या पाळ्या तापल्या. यंत्र खाली ठेवावं असं वाटलं, पण ठेवलं असतं तर का ठेवलं हे सांगावं लागलं असतं. पुन्हा खेळ सुरू झाला. पुन्हा जनावर निघालं आणि पुन्हा अंगठा जागच्या जागी. वीस वर्षांपूर्वी कुऱ्हाडीच्या दांड्यावर बोटं अशीच बसली होती. आपली बोटं आपलीच नाहीत, असं. तेव्हा वाटलं होतं, ठोकलं तर तो वर पाहील. मोहाचं झाड काही फार उंच नव्हतं.

सुहासिनी आता जरा चिडली. तिसऱ्यांदा तिनं आधीच ओरडून ठेवलं, "आता दाबा, आबाजी."

त्यानं दाबलं. ढोल वाजला, धुम्म-धुम्म. जनावर धावता-धावता थबकलं. मान झटकली. वळलं आणि सरळ झाडीत निघून गेलं.

"पाहा," सुहासिनी म्हणाली, "वळते ना? इतकंच तं करायचं होतं."

कौसल्याबाईनंही मान वर करून पाहिलं आणि कौतुकानं हसली. बळीरामनं यंत्र पोरीच्या मांडीवर ठेवलं. पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि रांजणाजवळ नुसताच उभा राहिला. खेळातलं जनावर ते, माणसानं कारखान्यात बनवलेलं. त्यावरून वाघाचं काय ठरवायचं? हे त्याला कळत होतं. पण वळलं. ठोकलं की जनावर वळतं, हे तो स्वतः बारक्या पोरांना शिकवत आला होता. देवलापारच्या रानात त्यानं दहा वेळा वाघ वळताना पाहिला होता. न वळलेला एकही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कौसल्याबाईच्या घरी गेला. ती ओट्यावर बसून खिरीचे तांदूळ पाखडत होती. बसा भाऊजी, म्हणाली, चहा मांडते. तो बसला नाही. चहा नको, म्हणाला. उभ्यानंच सांगायला लागला आणि मधेच थांबला तर पुन्हा तोंड उघडणार नाही या भीतीनं न थांबता सांगितलं. वाघ आला तेव्हा कुऱ्हाड हातात होती. ठोकलं नाही. भेलो. नंतर सगळ्यांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघालं की ठोकलं होतं, आणि मग ते परत घेता आलं नाही. आणि अजून एक होतं, जे त्यानं स्वतःशीही कधी नीट उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी झाडावर बसायची पाळी नत्थूची होती. पायात काटा मोडला असं सांगून बळीरामनं ती मागून घेतली. काटा होता, पण चालता येणार नाही इतका नव्हता.

सूप थांबलं नाही. तांदूळ वर जात होते, खाली येत होते, कोंडा ओट्याखाली उडत होता. बळीरामला वाटलं, हिला ऐकू तरी गेलं का? मग ती सुपाकडेच पाहत म्हणाली,

"त्यानं तुले पाह्यलं होतं का?"

वीस वर्षं ती त्याला तुम्ही म्हणत आली होती. आता तू झाला, आणि ते तिच्या लक्षातही आलं नसावं. बळीरामच्या मात्र आलं.

"हो."

"हाक मारली?"

याचं उत्तर न देता गेलो तर चालेल का, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात तिनं सूप मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"मारली," तो म्हणाला. "बळ्या, ठोक, म्हणे. दोन वेळा म्हणे."

समोरच्या घरी नळाला पाणी आलं होतं, बाया गुंड-हंडे लावत होत्या, त्यांचं भांडण चाललं होतं. कौसल्याबाई तांदळातला एक खडा शोधत राहिली. तो सापडला, तिनं फेकला.

"मी लोकाईले सांगत आली," ती म्हणाली, "का माह्या माणसाचा मैतर झाडावरून ठोकून राहिला होता, शेवटपर्यंत. पोरीच्या लग्नात सांगतलं. तिच्या सासऱ्याले सांगतलं." सूप पुन्हा हातात घेत म्हणाली, "परवा ये. उभा राहा अन् सगळ्याईपुढं सांग. मी नाही सांगणार. माह्या तोंडातून तं खोटंच गेलं इतके दिवस."

तो निघाला. तिनं हाक मारली नाही, चहा घ्या म्हटलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. नत्थूचा फोटो नव्हताच कधी. त्याच्या दीक्षेच्या वेळची पांढरी टोपी पाटावर ठेवली होती, शेजारी बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. त्रिशरण-पंचशील झालं. चौथं शील बळीरामनं या वेळी मोठ्यानं म्हटलं आणि म्हणतानाच त्याला कळलं की मोठ्यानं म्हणण्याचाही त्याला हक्क नाही. भंतेजींचं भोजन झालं. गणपतरावांनी कौतुकानं त्याचं नाव घेतलं, वाघाशी गाठ पडलेले आमच्या गल्लीचे बळीरामजी, असं काहीतरी म्हणाले, आणि लोक सावरून बसले. पुढच्या रांगेत भंडाऱ्याची नातवंडं होती. मागे खांबाला टेकून कृष्णकांत आणि सुहासिनी.

त्यानं सांगितलं. नेहमीची गोष्ट सांगायला अर्धा तास लागायचा. ही चार वाक्यांत संपली. काटा, झाड, हाक, आणि ठोकलं नाही.

गणपतराव खाकरले आणि म्हणाले की फार जुनी गोष्ट आहे, वाघापुढं कुणाचंही असं होऊ शकतं. कुणीतरी त्याला हूं म्हटलं. नत्थूच्या मुलीनं पदर तोंडाला लावला आणि ती उठून आत गेली. तिचा धाकटा पोरगा बळीरामकडे टक लावून पाहत राहिला, जसं पोरं सर्कशीतल्या माणसाकडे पाहतात. सुहासिनी आजोबांकडे पाहतच नव्हती. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

पंगत बसली. बळीरामच्या मनात घरी जावं असं आलं. पण जेवायला न बसणं म्हणजे आणखी एकदा झाडावर चढून बसणं होतं. तो सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या कडेला बसला. कौसल्याबाई भांडं घेऊन आली. पहिलं ताट तिनं उचललं, कुणाला देते म्हणून सगळे पाहत असताना ते नत्थूच्या टोपीपुढं ठेवलं, आणि मग रांगेनं वाढत निघाली. गणपतराव, पाहुणे, पोरं, बाया. प्रत्येकाला आग्रह. घ्या ना जी, अजून घ्या, काय चिमणीसारखे जेवता.

ती त्याच्यापर्यंत आली. भात वाढला, वरण वाढलं, द्रोणात एक पळी खीर घातली. इतरांना घातली तेवढीच. हात आखडला नाही, पण थांबलाही नाही. घ्या म्हणाली नाही. पुढे त्याच्यानंतर कुणी नव्हतं, तरी ती पुढे गेली.

बळीरामनं द्रोण उचलला. वीस वर्षं या घरची खीर त्यानं खाल्ली होती आणि एकदाही तिची चव जिभेला लागली नव्हती. आज लागली. वेलदोडा होता, गूळ होता, नव्या तांदळाचा वास होता. खीर फार गोड झाली होती, आणि ती गोड लागते आहे याची त्याला इतकी लाज वाटली की मान वर न करता त्यानं ती संपवली, आणि स्वतःची पत्रावळ स्वतः उचलून उठला.