पिवळ्या कमानीचे चार टाके

गाडी जागेवर नव्हती. दहा मिनिटं औषधाच्या दुकानात काय गेलो, ताई क्वाड बाईक घेऊन बागेकडे निघूनही गेली होती. ती न्यायलाच नको होती.

कारण सीटमागची लोखंडी कमान अर्धवट होती. ही चार चाकांची मोटारसायकल उतारावर उलटली, तर चालवणारा तिच्याखाली चिरडला जाऊ नये म्हणून मी ती बनवली होती. आधी वेल्डिंगचे चार टाके मारून कमान उभी करायची, माप बघायचं, मग जोड पक्के करायचे आणि रंग सगळ्यात शेवटी, ही आमच्या वर्कशॉपची पद्धत. पण उघडलेला डबा वाळून जाईल म्हणून मी अतिशहाण्याने आधीच पिवळा रंग फासला. रंग दिसला की काम झालं समजायचं, हे ताईला मीच शिकवलेलं.

ती फोन उचलेना. मी स्कूटर काढली. तिच्या मागे निघालो. बागेच्या नेहमीच्या वळणाच्या वाटेवर चाकांचे ठसेच नव्हते. ते सरळ उभ्या चढावर गेले होते. तिथे जायला ती एरवी घाबरायची.

गाडी उलटी पडली होती. खाली ताई, आणि तिच्या छातीवर जेमतेम वीतभर फट. कमानीचे तीन टाके तुटले होते. चौथा तेवढा धरून होता.

"आलास?" ती म्हणाली. "तुझी कमान होती म्हणून इकडून आले. धरेल ना रे?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण जरा धीर आला की ती निसटायला धडपडणार, हे मला ठाऊक होतं.

"नाही," मी म्हणालो. "नुसते टाके आहेत, ताई. माझी चूक. अजिबात हलू नकोस."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने डोळे मिटून घेतले. मी ओरडून शेजारच्या बागवानाला हाक मारली आणि हाताला येतील ते दगड गाडीखाली सारत राहिलो. तो जॅक घेऊन आला. गाडी चार बोटं उचलली, ताईला ओढून काढलं. तेवढ्यात चौथा टाका तुटला आणि गाडी दगडांवर आदळली.

खरचटण्यापलीकडे तिला काही झालं नव्हतं. तरी डॉक्टरला दाखवायला हवं म्हणून मी स्कूटर जवळ आणली. मागची सीट पुसली.

ताई बागवानाकडे वळली. "मला दवाखान्यात तुम्ही न्याल का?"