तांबडी पदं

“सर, तांबडी पदं तेवढी वाचा की!” पुढच्या बाकावरून प्रतीक्षा म्हणाली.

गोरोबा सर पडद्याकडं पाहत उभे राहिले. (x + y + 2) चा चौथा घात संगणकानं उलगडून ठेवला होता. पंधरा पदं. त्यातली काही आरोही मॅडमनी सकाळीच तांबडी करून दिली होती. त्यांच्यात सारखं काय आहे, ते मुलांनी ओळखायचं. सरांना सगळी काळीच दिसत होती.

मागं प्राचार्य खुर्ची टाकून बसले होते. लोहाऱ्याच्या या कॉलेजात अकरावीचा वर्ग सरांकडं ठेवायचा की नव्या आरोही मॅडमकडं द्यायचा, हे या तासावर ठरणार होतं. निवृत्तीला वर्ष उरलेलं. ते सरांना वर्गातच काढायचं होतं.

तांबडं त्यांना जन्मापासून कळत नसे. हे एकट्या त्यांच्या पत्नीला, गजराबाईंना ठाऊक. सदरे त्याच निवडून ठेवत, बाजारात टोमॅटो त्याच घेत. देवळात कीर्तनाला गुलाल उधळला की सरांना नुसती धूळ दिसायची. कपाळावरचा काळा बुक्का मात्र स्वच्छ दिसे. बुवा अभंगातला एकच शब्द धरून तासभर उलगडत राहतात, सरही फळ्यावर तसंच करत: हवं ते पद धरायचं, खडूनं चौकट करायची आणि मग जीव ओतून बोलायचं.

“सर, मशीन अडकलं का?” प्राचार्यांनी विचारलं.

“वायर सैल आसंल!” कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

वाट सोपी होती. व्हय म्हणायचं, पडदा बंद करायचा. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मशीनला काय झालं न्हाय,” ते म्हणाले. “मला तांबडं दिसत न्हाय, बाळांनो. कधीच दिसलं न्हाय.”

मग शेवटच्या बाकावरून समर्थ उठला. मॅडमच्या रंगीत पडद्यावरच्या सराव-तासाला वही कोरी ठेवतो म्हणून रोज बोलणी खाणारा.

“सर, मलाबी समदी काळीच दिसत्यात.”

“मंग आजवर बोलला का न्हाईस रं?”

“हसत्यात की. बैलाची झूल तांबडी का हिरवी, ह्यावरनं घरीच टर उडवत्यात.”

दाराशी उभ्या आरोही मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग त्या लॅपटॉपपाशी आल्या, संगणकाला दिलेल्या आज्ञेतला रंग खोडला, दुसरं काही टाइप केलं. पडद्यावर तीन पदांभोवती काळ्या चौकटी उमटल्या. ताज्या बुक्क्यासारख्या.

“आता, समर्थ?” सरांनी विचारलं.

तो ओठातल्या ओठात वाचत राहिला. “तिन्हीत y चा वर्ग हाय, सर.”

प्राचार्य आवाज न करता उठले. “चालू द्या, सर,” दारातून म्हणाले, “वर्षभर.”

समर्थ खाली बसला. वहीच्या कोऱ्या पानावर त्यानं आधी चौकट काढली, मग आत पद लिहिलं.