चहाच्या पुड्याचा बगळा

मित्रांनो, एखाद्या खिडकीत दोऱ्याला टांगलेला कागदी बगळा झुळकीसरशी गिरकी घेताना दिसला, तर तो मीच आहे असे समजा. आता मी जुना झालो आहे. माझे पंख मऊ पडले आहेत. तरी दुपार कलली, की सारे आयुष्य मला अर्धवट झोपेतल्या स्वप्नासारखे आठवू लागते.

जन्माने मी चहाचा पुडा. बाहेरून हिरवा, आतून चंदेरी. पोटातला चहा संपत आला तसा मी हलका होत गेलो. रिकाम्या पुड्याची वाट कुठे जाते, हे मला ठाऊक होते. कोरड्या कचऱ्याची टोपली दाराशीच होती.

त्या घरात दोघेच राहत. काकू कपडे शिवत. अख्खी गल्ली त्यांना टेलरकाकू म्हणे. काका बसचे ड्रायव्हर, नुकतेच निवृत्त झालेले. पण मी त्या घरात आलो तेव्हा काकूंच्या डोळ्यांपुढे धुके दाटले होते. सुईत दोरा ओवणे कधीच सुटले होते. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी शिलाई मशीनवर चादर टाकली आणि हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बसून राहू लागल्या. काका बिचारे बोलून बोलून थकले.

एकदा काकांनी रिकामी खोकी त्यांच्यापुढे ठेवली. "अगं, एवढी चपटी करून दे. टोपलीत मावत नाहीत."

साबणाचे खोके, औषधाचे खोके, असे करत काकूंचे बोट माझ्यावर आले. ते थबकले. त्यांनी माझी चिकटवलेली कड सोडवली, मला तळहाताने सपाट केले आणि टेबलाच्या काठावर धरून चौकोनी फाडले. लेक लहान असताना त्या कपडे बेतायच्या कागदांच्या उरलेल्या तुकड्यांचे पक्षी करून द्यायच्या. बोटे ते विसरली नव्हती. कापडाची दुमड नखाने बसवावी, तशी त्यांनी माझी एकेक घडी बसवली. चंदेरी बाजू वर आली. मला मान फुटली, चोच फुटली.

काकांनी मला चिमटीत उचलले. "हा बोळा टाकू ना?"

"अहो, खबरदार! बगळा आहे तो."

"बगळा? मला वाटलं, चहा गाळून उरलेला चोथा."

काकू खळखळून हसल्या. काका माझ्याकडे बघतच राहिले. ते हसू त्या घरात किती दिवसांनी आले होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसले.

मग घर भरू लागले. साबणाच्या खोक्याचे बेडूक, दुधाच्या खोक्याच्या होड्या, बिस्किटांच्या वेष्टनाची फुलपाखरे. परिचारिका असलेली लेक येताना पिशवीभर रिकामी खोकी आणू लागली. "आई, तुझा माल आणलाय गं," म्हणायची. मला मात्र खिडकीत मानाची जागा मिळाली. काकूंना माझा आकार दिसत नसे, पण ऊन पडले की माझी चमक त्यांच्या धुक्यात हलायची. "फिरतोय बघा माझा बगळा," त्या म्हणायच्या. त्या शब्दांनी मी तरंगायचो. आपण कागद आहोत हेही विसरायचो.

एके दुपारी त्यांनी खिडकीकडे तोंड केले आणि विचारले, "अहो, आज ढग आहेत का बाहेर?"

बाहेर लख्ख ऊन होते. मी झगमगत होतो, पण ती चमक आता त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "हो. भरून आलंय."

"खोटं कशाला बोलता? ऊन माझ्या हातावर पडलंय. चांगलं चटकतंय."

काका त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. काकूंनी चाचपडत त्यांचा चेहरा शोधला आणि ओले गाल पुसले. मग काका म्हणाले, "मला शिकव तुझा बगळा."

"या राकट हातांना?"

"इतकी वर्षं बस वळवली, कागद नाही वळणार?"

काकूंनी मला खाली उतरवले आणि घडीघडीने उलगडले. मित्रांनो, तेव्हा मी फार घाबरलो. मान गेली, पंख गेले, पुन्हा चौकोनी कागद झालो. पण घड्यांच्या रेघा अंगावर तशाच होत्या. "डोळे मिटा," काकू म्हणाल्या. "आता रेघेवरून बोट फिरवा. ती सांगेल कुठे वळायचं."

काकांनी खरेच डोळे मिटले. काकूंचा हात त्यांच्या हातावर होता. एक घडी चुकली, एक रेघ जरा फाटली. अखेर मी पुन्हा उभा राहिलो, तोंडावर अभिमान आणि मागे वाकडी शेपटी घेऊन. काकूंनी शेपटी चाचपली.

"ही तुमची," त्या म्हणाल्या. "राहू दे अशीच."

आता दोघेही दुपारी शेजारी बसून घड्या घालतात. काका अजूनही डोळे मिटूनच. मित्रांनो, रिकामे खोके चुरगळण्याआधी एकदा तळहाताने सपाट करून पाहा. आणि घरात कुणी हात मांडीवर ठेवून गप्प बसलेले असेल, तर ते खोके त्यांच्या हाती द्या. मग उठून जाऊ नका. शेजारी बसा.