आखाजीचा कावळा

"काव, काव, काव!" सुवर्णा परसातल्या भिंतीकडे तोंड करून ओरडली. भिंतीवर केळीचं पान होतं. पानावर पुरणपोळी, आमरस, भजी, कुरडई. कावळा नव्हता.

"आजून जोरात," घरातून कोंडाजीमामा म्हणाले.

मामा सकाळच्या गाडीनं लासलगावहून आले होते, बहिणीच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. बहीण म्हणजे लंकाबाई, गोटीरामची आई, सुवर्णाची सासू. गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या नावाची घागर भरून झाली होती. आता तिचा घास कावळ्यानं उचलला की मग माणसांची पंगत. मामांना दुःख सोसत होतं, भूक सोसत नव्हती.

"गोट्या, तुमच्या नाशकात कावळे ऱ्हात नाय का रं?"

"राहतात की मामा," गोटीराम म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला. साठीच्या माणसाला गोट्या म्हणणारं आता एवढं एकच माणूस उरलं होतं.

गोटीराम एस.टी.तून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाला, तेव्हा डेपोतल्या मंडळींनी त्याला दुर्बीण भेट दिली. जन्मभर लोकांकडे संशयानं पाहिलेल्या माणसाला पक्षीनिरीक्षण जड गेलं नाही. नांदूरमध्यमेश्वरला तो एकदा जाऊन आला, आणि तिथले पक्षी फार लांब बसतात असं मत घेऊन परतला. त्यापेक्षा परसातले बरे. शिंपी, दयाळ, सूर्यपक्षी, सगळे त्याच्या नजरेखालून जात आणि प्रत्येकाचं नाव तो ठामपणे सांगे. चुकलं तरी पक्षी तक्रार करत नसत.

यंदा चैत्रात बुलबुलानं जास्वंदीत घरटं केलं. पिल्लं निघाली आणि गोटीरामला पुन्हा ड्युटी मिळाली. कावळा हा त्याच्या मते पक्षी नव्हेच, विनातिकीट प्रवासी. तो दिसला की गलोलीतून कणकेची वाळलेली गोळी सुटे. "मारत नाही, समज देतो," असं तो सुवर्णाला सांगे. कावळ्यांना समज आली. पांढरी टोपी आणि गळ्यातली दुर्बीण दिसली की शेजारच्या पाण्याच्या टाकीअलीकडे कोणी फिरकेना. आई होती तेव्हा रोज सकाळी पोळीचा तुकडा घेऊन भिंतीपाशी उभी राही आणि कावळा तो तिच्या हातातून नेई. ते खातं तिच्याबरोबर बंद झालं होतं.

"तिची कायतरी इच्छा ऱ्हायली," मामांनी निदान केलं. भिंतीपाशी येऊन त्यांनी हात जोडले. "लंके, तुझ्या पोराला काशीला धाडतो."

कावळा आला नाही.

"बरं, मीबी जातो संगं."

तरी नाही.

"आता आणिक काय सांगू नको बाई, लय ऊन हाय."

"सासूबाई, तुमचं पितळी पातेलं मोडीत घालणार नाही," सुवर्णा घाईनं म्हणाली.

टाकीवर एक कावळा दिसला. त्यानं मान वाकडी करून गोटीरामकडे पाहिलं आणि उडून गेला. मग सुवर्णानंही गोटीरामकडेच पाहिलं.

"गलोल कुठंय?"

"कसली गलोल?"

"झब्ब्याच्या खिशातली."

त्यानं ती काढून दिली. मामांनी आधी गलोल पाहिली, मग भाचा पाहिला. "म्हंजी आईचा घास तूच अडवून बसला व्हय रं?"

गोटीरामला हे मघापासून ठाऊक होतं. काशीचा विषय निघाला तेव्हा जरा आशा वाटली होती, इतकंच.

"कावळा आला तर पिल्लं जातील," तो म्हणाला. "दोन दिवसांत उडतील गं ती."

"आणि नाही आला तर सासूबाई आज उपाशी."

गोटीराम आत गेला. आईची ट्रंक उघडून त्यानं तिचं हिरवं लुगडं काढलं आणि जास्वंदीवर अलगद पसरलं. घराच्या बाजूनं तेवढी ये-जा करायला फट ठेवली. बुलबुलाची मादी त्याच्या डोक्यावर कलकलाट करत फिरत होती. तो वाकला, पण काम पुरं करूनच आत आला. टोपी खुंटीला लावली आणि दुर्बीण घेऊन खिडकीशी बसला.

"तीही ठेवा," सुवर्णा म्हणाली. "भिंगं चमकतात. आणि तोंड तिकडे फिरवा, तुमचा चेहरा ओळखतात ते."

"मग मला दिसणार कसं?"

"मी बघते ना."

दुसऱ्यानं तपासलेलं गोटीरामनं जन्मात कधी मान्य केलं नव्हतं. त्यानं दुर्बीण गव्हाच्या कोठीवर ठेवली आणि खिडकीकडे पाठ केली. समोर मामा होते.

बराच वेळ नुसतं ऊन होतं. मग पंख वाजले. मग केळीचं पान.

"आल्या," सुवर्णा हळूच म्हणाली.

"काय उचललं?"

"कुरडई. अहो, रसात बुडवली आधी."

दात गेल्यापासून आई कुरडई तशीच खायची.

"चला, पानं घ्या," मामा म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत. गोटीरामही हलला नाही. बाहेरचं पान वाजायचं थांबेपर्यंत तो तसाच, पाठ फिरवून बसून राहिला.