किहीमचा क्षीरसागर

किहीमच्या किनाऱ्यावर भक्तिपट काढायला मंडळी आली, तेव्हा शेषनागाचे फणे रंगवायचं काम दिनानाथ सरांनी हौसेनं घेतलं. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. शिवाय तेवढाच वेळ घराबाहेर. कुमुदताईंची आठवण तीन वर्षांपासून झिजत चालली होती. चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्या सकाळी चहा आणून देणाऱ्या नवऱ्यालाच विचारायच्या, "आपण कोण म्हणायचं?" सर नाव सांगायचे. त्या सभ्यपणे मान डोलवायच्या.

शूटिंगचा मात्र नुसता सावळागोंधळ होता. क्षीरसागरासाठी साबणाचा फेस केला, तो पहिल्याच लाटेनं नेला. नारद दिसला की गावातली कुत्री भुंकायची. सातांपैकी दोन फणे वाऱ्यानं सुरूच्या बनात जाऊन पडले, तर दिग्दर्शक देवव्रत म्हणाला, "पाचच ठेवा. शेष अजून लहान आहे." चौथ्या दिवशी विष्णूच्या अंगावर निळ्या रंगानं पित्त उठलं आणि तो खाजवत खाजवत अलिबागला डॉक्टरकडे गेला.

देवव्रतची नजर सरांवर पडली. "सर, तुम्ही उंच आहात, नाक तरतरीत आहे. लांबूनच घेतो. नुसतं आडवं व्हायचं."

"अहो, साठी उलटलीय माझी!"

"देवाचं वय कोण विचारतो?"

रंगकाम करणाऱ्या हिरामणनं त्यांना निळं केलं. "सर, पोट आत घ्या. घडीत रंग जात न्हाय." मुकुट चढला, चार हातांतले दोन पाठीला बांधले, आणि सर पाच फण्यांखाली आडवे झाले. आपलंच हसू त्यांना आवरेना.

दुपारी शेजारची किशोरी कुमुदताईंना घेऊन आली. घरात त्या सारख्या दाराशी जात होत्या, म्हणून जरा समुद्र दाखवावा एवढाच तिचा विचार. पण ताईंनी शेषशायी देव पाहिला आणि हात सोडवून घेतला. नव्यानं केलेला गुडघाभर फेस तुडवत त्या थेट समोर आल्या. कुणीतरी अडवायला धावलं, तर देवव्रतनं खूण केली. कॅमेरा चालूच राहिला.

ताईंनी पदर सावरून हात जोडले.

"देवा, आमचे हे कुठंतरी गेलेत. कधीचे गेलेत, आठवत नाही. घरी एक म्हातारे गृहस्थ असतात. भले आहेत, माझं सगळं करतात. पण परक्या माणसाकडून किती करून घ्यायचं? ह्यांना तेवढं घरी पाठव."

मी इथंच आहे गं, असं सरांच्या ओठांवर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी भरवसा दिसत होता. तो मोडायचा त्यांना धीर झाला नाही.

"पाठवतो," ते म्हणाले.

ताई हसल्या आणि किशोरीबरोबर परत गेल्या. देवव्रत टाळ्या वाजवत आला. "सर, काय उतरलंय! हे असंच ठेवू या."

"ते पुसून टाका," सर म्हणाले. त्याला वाटलं, सर लाजतायत. पण सरांचा चेहरा पाहून त्यानं त्यांच्यादेखतच तो तुकडा पुसला.

विहिरीवर तासभर अंग घासून सर घरी गेले. ताईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. पानं मांडली होती, दोनच.

सर नेहमीप्रमाणे पाटावर बसायला गेले.

"तिथं नको हो," ताई हलकेच म्हणाल्या. "आज हे यायचेत. राग मानू नका. तुम्हालाही वाढते ना, ते आले की."

"बरं," सर म्हणाले, आणि पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं ताईही शेजारी येऊन बसल्या. वाडीच्या फाटकाकडे बघत दोघंही वाट पाहत राहिली.