प्रॉम्प्टरचे बोट

ध्वनिमुद्रणाच्या दालनाला खिडकी नव्हती. भिंतींवर करड्या लोकरीचे जाड तक्ते ठोकले होते. त्यांच्याजवळ उभे राहून बोललेला शब्द परत येत नसे, कपाटात ठेवलेल्या थंडीच्या कपड्यांसारखा आतच राहून जाई. ऑपेराच्या वृंदातले चाळीस गायक लाकडी पायऱ्यांवर उभे होते. समोर वाद्यवृंद, आणि वर छतापासून लोंबणारे मायक्रोफोन. त्यांतला एक दुसऱ्या रांगेतल्या, खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या इतका जवळ आला होता की त्यांनी मान उंचावली असती तर तो कपाळाला लागला असता.

वृंद बसवणाऱ्या मास्तरांना सगळे पाठीमागे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलण्यात टोकदार, आणि हवे तेव्हा कधी न सापडणारे. त्या सकाळी मात्र ते टोचले नाहीत. पहिली चाचणी ऐकून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या रांगेतल्या एका वयस्क गायिकेला चेलोंच्या रिकाम्या पेट्यांपाशी बाजूला नेले आणि बऱ्याच आडवळणांनी सांगितले की हे मायक्रोफोन नवे आहेत. रंगमंचावर जे विरून जाते ते यांच्यात विरत नाही. तिच्या आवाजातला कंप वयाचा आहे, त्यात दोष कोणाचाच नाही, पण तो कपाला गेलेल्या तड्यासारखा दिसतो आहे.

"उभ्या राहा, ओठ हलवा," ते म्हणाले. "आवाज तेवढा लावू नका."

ऐकायच्या तबकडीवर माझे ओठ कोण बघणार, असे तिने विचारले. त्यावर टाचणी पहिल्यांदाच अडखळले. मग म्हणाले, "तुम्ही नसलात तर रांग उठत नाही. सगळ्या तुमच्या खांद्याकडे बघून सुरू होतात."

हे खरे होते. सुरुवातीच्या क्षणाआधी तिचा खांदा किंचित वर जाई आणि शेजारणी त्या खांद्यावर विसंबून असत. ती जागेवर परतली. दिवसभर तिचा खांदा वर गेला, रांग उठली, ओठ हलले. जहाज सुटल्यावर किनाऱ्यावर उरलेल्या बायकांचा कोरस होता तो. अतिशय हळू आवाजातला. तिच्या अवतीभवती तो भरतीच्या पाण्यासारखा चढला आणि उतरला, आणि ती त्यात कोरड्या दगडासारखी उभी राहिली. शेजारणींपैकी कोणाच्या लक्षात आले असेल तर कोणी दाखवले नाही. दुपारी चहाच्या वेळी उलट एकीने तिला आपल्या डब्यातले बिस्कीट दिले, आणि त्याचा अर्थ काय लावायचा हे तिला घरी पोहोचेपर्यंत ठरवता आले नाही.

घरी तिने काही सांगितले नाही. न सांगण्याला कारण होते.

तिचा नवरा त्याच नाट्यगृहात प्रॉम्प्टर होता, गायक ओळ विसरला की हळूच शब्द पुरवणारा. रंगमंचाच्या ऐन काठावर, प्रेक्षकांना पाठ करून बसवलेल्या एका खोक्यात त्याचे आयुष्य गेले. डोके मंचाच्या पातळीला, बाकीचा माणूस जमिनीखाली. प्रेक्षकांना तो कधी दिसला नाही. गायकांना त्याच्याखेरीज दुसरे काही दिसत नसे. निवृत्त झाल्यापासून तो घरात बहुधा खुर्चीत बसूनच असे, आणि कोणी बोलताना शब्दासाठी थांबले की तो शब्द नकळत पुरवून टाकी. वाणी, शेजारी, दारावर आलेला टपालवाला, कोणालाही. यावरून त्याची धाकटी बहीण त्याला फार बोलायची. ती विधवा झाल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती; नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत तिची नोकरी झालेली, त्यामुळे कलेविषयी तिचे मत खिडकीच्या भोकाएवढे आणि तितकेच सरळ होते.

या घरात एक रीत पडून गेली होती. नाट्यगृहाची नवी तबकडी निघाली की तिघांनी बसून ती ऐकायची. कोरस आला की प्रॉम्प्टर डोळे मिटायचा, आणि एका क्षणी त्याच्या उजव्या हाताची तर्जनी वर जायची. "ही तू," तो म्हणायचा. एवढेच. त्याचे बोट आवाज सुरू व्हायच्या आधीच वर जाते, हा नणंदेचा ठेवणीतला विनोद होता. अजून कोणी तोंड उघडलं नाही आणि दादाला बायको ऐकू आली, असे ती पाहुण्यांना सांगे. पाहुणे हसत, प्रॉम्प्टरही हसे, पण बोट खाली घेत नसे.

तिने त्या बोटावर पूर्ण विश्वास कधी ठेवला नव्हता. वृंदात आवाज वेगळा ऐकू येणे हा अपराध असतो. आपण ऐकू येऊ नये यासाठीच तिला पगार मिळत होता, आणि ती आपल्या कामात चोख होती. तरीही हजार माणसांच्या काळोखात जे कोणाला सापडले नाही ते तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत एका माणसाला सापडते, हे खोटे आहे असेही तिने कधी स्वतःला म्हणू दिले नव्हते. काही गोष्टी न तपासताच वापरायच्या असतात, जुन्या शिडीसारख्या.

आता ती शिडी आपोआप तपासली जाणार होती. नव्या तबकडीत ती नव्हती. बोट वर गेले, तर आजवरची सगळी बोटे खोटी ठरणार. नाही गेले, तर आपल्याला गप्प उभे केले होते हे त्याला कळणार. दोन्हींपैकी कशाची भीती अधिक आहे याचा तिने रोज भांडी विसळताना विचार केला, आणि रोज उत्तर बदलले.

तबकडी आली तेव्हा वेष्टणावर तिचे नाव इतरांच्या बरोबरीने छापलेले होते. तिने ती इस्त्रीच्या टेबलामागे उभी करून ठेवली. रविवारी दुपारी नणंदेला उशीचे अभ्रे इस्त्री करायची लहर आली.

"वहिनी, ही तुझी तबकडी इथं काय करतेय? तिलाही घडी घालायची होती का?"

विसरले, असे ती म्हणाली. नणंदेने एकदा तिच्याकडे पाहिले, पण तबकडी तोवर प्रॉम्प्टरच्या हातात गेली होती. त्याने ती शर्टाच्या बाहीने पुसली. पहिल्या बाजूवर बॅलेतले नाच होते. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि नाराज झाला. पाय कुठे आहेत, असे त्याने विचारले. त्याच्या खोक्याला हे नाच नेहमी डोक्यावरून ऐकू आले होते: फळ्यांवर आपटणारी बुटांची टोके, वळताना होणारी करकर, उडी उतरल्यावर छातीतून निघणारा हुंकार. इथे नुसते व्हायोलिनचे रेशीम होते, आत अंग नसलेल्या पोशाखासारखे. लयही नाचणाऱ्यांना विचारून ठेवलेली नव्हती.

"या लयीत नाचायला गेलं तर गुडघे हातात येतील," तो म्हणाला.

नणंदेने विणकाम काढले. तिने स्वतः उठून तबकडी उलटली. दुसऱ्या कोणी उलटण्याची वाट पाहणे तिला सहन झाले नसते. दुसऱ्या बाजूचा पहिला कोरस शिकाऱ्यांचा, फक्त पुरुषांचा. मग थोडी खरखर, आणि किनारा.

आधी तंतुवाद्ये आली, अगदी दुरून. प्रॉम्प्टरने डोळे मिटले. ती त्याच्या हाताकडे पाहत होती. हात गुडघ्यावर होता, बोटे किंचित पसरलेली, नखांवर वयाने आलेल्या उभ्या रेघा. वाद्ये थांबली. त्या थांबण्यात बोट वर गेले.

"झालं," नणंद सुया न थांबवता म्हणाली. "अजून कोणाचं तोंड उघडायचंय, दादा."

मग बायका गाऊ लागल्या. म्हणजे हे असे होते. इतकी वर्षे हे असे होते, आणि त्यात रडण्यासारखे काही नव्हते. एका माणसाने एका बाईला बरे वाटावे म्हणून बोट वर केले होते, पुन्हा पुन्हा, आणि याहून कमी गोष्टींवर घरे उभी राहतात. ती उठून खिडकी लावायला जाणार, तेवढ्यात प्रॉम्प्टर बोलला.

"वारा."

चाल नाही, भाव नाही; सपाट, खालच्या स्वरात, दातांमागून. खोक्यातला आवाज. तो घरात कधीही निघाला नव्हता. कोरसच्या ओळीतला तो पहिला शब्द होता: वारा फिरेल, शिडे वळतील.

त्याने डोळे उघडले. आपण काय बोललो हे त्यालाही नंतर कळल्यासारखे दिसले. बोट अजून वर होते.

"विसरलीस?" त्याने विचारले. आयुष्यात ती कधी एक शब्द विसरली नव्हती, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती.

हो म्हणणे सोपे होते. विसरणे कोणालाही माफ असते.

"नाही," ती म्हणाली. "गाऊ नका म्हणाले. आवाज कापतो म्हणून."

नणंदेच्या सुया थांबल्या. तबकडीवरच्या बायका पुढे गेल्या होत्या. प्रॉम्प्टरने उठून ग्रामोफोनची सुई उचलली.

"पण श्वास घेतलास तू."

"तो घेऊ नका म्हणाले नव्हते."

मग त्याने सांगितले. त्याला सांगावे लागले. खोक्यात बसलेल्या माणसाला गाणे ऐकायचे नसतेच. गाण्याच्या आधीचे ऐकायचे असते. श्वास आला की गायकाला ओळ आठवते आहे, आपण गप्प राहायचे. श्वास आला आणि आल्या वाटेने तसाच बाहेर गेला, की तो विसरला. मग शब्द टाकायचा, ताबडतोब, विचार न करता. तबकडीवर तिचा श्वास आला, नेहमीसारखा, सगळ्यांच्या जरासा आधी. आणि बाकीच्यांचे स्वर लागल्यावर त्यांच्याखालून तो रिकामाच परत गेला. तोंडातून शब्द कधी पडला हे त्याला कळलेच नाही.

"आणि इतकी वर्षं ते बोट?"

"श्वासाला," तो म्हणाला. "चाळिसांतून आवाज नाही गं ओळखता येत. कोणालाच नाही येत. तू आत्ता सुरू होणार, एवढंच मला कळायचं."

नणंदेचा ठेवणीतला विनोद, सगळ्या पाहुण्यांना सांगून झालेला, तिच्या मांडीवर लोकरीच्या गुंड्याशेजारी पडला होता. थोड्या वेळाने तिने सुई परत मागे न्यायला सांगितले. नेली. ती कान देऊन, पुढे वाकून ऐकत राहिली, आणि मग म्हणाली की मला नाही बाई काही ऐकू येत. पण ते तिने तक्रारीच्या सुरात म्हटले, थट्टेच्या नाही.

"काय होतं तुझं त्यात?" तिने विचारले. "नुसतं तुझं म्हणून दाखव."

हे आजवर कोणीही मागितले नव्हते. दुसऱ्या रांगेचा भाग एकट्याने गायचा नसतो. तो घराच्या पायासारखा, उघडा पाहू नये असा. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि तिने ती ओळ गाऊन दाखवली. वारा फिरेल, शिडे वळतील. एकच स्वर, पुन्हा पुन्हा तोच, आणि शेवटच्या अक्षरावर एक पायरी खाली. आवाज कापत होता. टाचणींचे म्हणणे बरोबर होते.

"एवढंच?" नणंद म्हणाली.

"एवढंच."

"आणि चाल?"

"चाल वरच्या पट्टीतल्या बायका घेऊन जातात."

नणंदेने यावर विचार केला. तिकीट काढून हे ऐकायला कोणी आलं नसतं, असे ती म्हणाली. मग विणकाम बाजूला ठेवून, पाय वर घेऊन नीट बसली.

"पुन्हा म्हण."

तिचा खांदा किंचित वर गेला. प्रॉम्प्टरचा हात गुडघ्यावर होता. आता कोणाला चाळिसांतून ओळखायचे नव्हते; तो तिथेच राहिला.