मधली रेघ

चढाई पहिली.

डॉक्टर म्हणाले, रोज चालवा त्यांना. व्यायामानं मेंदू जरा जास्त टिकत असावा. दीपेश चिडला, "बाबा आयुष्यभर कबड्डी खेळला. मग त्यालाच का विसर पडला?" डॉक्टर म्हणाले, "खेळले म्हणूनच कदाचित सत्तरीपर्यंत टिकले. खात्री कुणी देत नाही. तुम्हीही हला जरा."

म्हणून कोन गावातल्या घरासमोर, अंगणात, दीपेशनं चुन्याची सरळ रेघ ओढली. "बाबा, हिच्यावरून चाल."

रामनाथ चालला नाही. वाकला. दीपेशचा पाय रेघेपलीकडे पडला मात्र, म्हाताऱ्यानं घोटा धरून त्याला असा आपटला की पुढचा दात चुन्यात पडला.

चढाई दुसरी.

बरगडी.

चढाई तिसरी.

आज. अकराला कल्याणच्या आश्रमाची गाडी येणार, बाबाला कायमचं न्यायला. फोन दीपेशनंच केला होता. "आई, उद्या तुझा जीव घेईल तो."

हौसा कपडे भरत म्हणाली, "बाहत्तरचा हाय तो, तू पंचेचाळीसचा. मार खाताना लाज न्हाय वाटत?"

बाबाच्या चपला घेऊन दीपेशनं रेघ ओलांडली. रामनाथनं झेप घातली. कंबर आवळली, पाडलं, छातीवर गुडघा, गळ्यावर कोपर. बरगडी पुन्हा कडाडली. तोंडात रक्त. डोळ्यांपुढं काळं. दीपेशनं बापाच्या कानशिलात बुक्की मारली. दुसरी मारली. पकड आणखी घट्ट. दम जात होता, दम जा

"मारत न्हाय रं तो, पकड करतोय!" हौसा धावत आली. "रेघ हाय ती! हात लाव रेघेला!"

नखं मातीत रुतली. बोट सरकलं. आणखी सरकलं.

चुना.

कोपर सुटलं. रामनाथ उठला, हात झटकले. कानातून रक्त गळत होतं. "बाद," तो म्हणाला आणि मुकाट अंगणाबाहेर जाऊन मांडी घालून बसला. कुणी न सांगता. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

फाटकाशी हॉर्न वाजला.

"आई, बसलाय तोवर ने त्याला गाडीत," दीपेश रक्त थुंकत म्हणाला.

हौसानं पिशवी ओट्यावर टाकली. पदर खोचला. नवऱ्याच्या जागी, रेघेपलीकडे जाऊन वाकली, हात पसरले.

"ये. तुला बाद केला की तो जिता होऊन परत आत येईल."

कडेला बसलेला रामनाथ तिच्याकडं बघत होता. नीट बघत होता. गुडघ्यावर थाप मारून ओरडला, "घोटा धर, हौसे!"

हॉर्न पुन्हा वाजला. दीपेशनं फुटक्या बरगडीवर हात दाबला, रेघेला वाकून नमस्कार केला, दम भरला. कबड्डी कबड्डी कब